स्टुलावर कोण चढतंय?

पोस्ट मोठी आहे. पण तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल आणि आई-वडील इकडं घरी एकटे असतील, तर शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी काम आहे.

परवाच्या रविवारी मला अकरा व्हिडीओ कॉल आले. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून मोजायला वेळ मिळाला. अकरातले सात सांगलीबाहेरच्या माणसांचे. घर सांगलीत, बिघाड सांगलीत, फोन करणारा बाहेरगावी.

"काका, आईचा मिक्सर बंद पडलाय. तिला कॉलमध्ये घेते, जरा बघता का?"

आई कॉलमध्ये आली. आधी छत दिसलं, मग कपाळ दिसलं, मग एकदाचा मिक्सर दिसला. म्हटलं, "काकू, आधी पिन काढा. आता मिक्सर आडवा करा. तळाला बारीक लाल बटण असंल, ते दाबा." टक्क आवाज आला. पिन लावली, मिक्सर सुरू. शेंगदाणे जास्त भरले होते, लोड आला म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं.

"अगंबाई, एवढंच होतं होय!" काकू म्हणाल्या. लेक म्हणाली, "थँक्यू काका." फोन बंद.

एवढंच होतं. खरंय. पण ते एवढंच आहे हे कळायला मला २७ वर्षं लागली. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. लोक वायरमनच म्हणतात, मलाही तेच बरं वाटतं. आज लिहायचंय ते या व्हिडीओ कॉलबद्दल. त्यानं माझं भलं किती केलं, आणि त्याच्यापायी माझ्या हातून काय झालं, दोन्ही.

याची सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि आपल्या जिल्ह्यात लोक दार उघडायला घाबरायला लागले. उन्हाळा तोंडावर, पंखे बंद, आणि वायरमनला घरात घ्यायची कुणाची तयारी नाही. मग लोकांनी फोन पुढं धरला. मीही शिकलो. आधी यंत्र दाखवू नका, खोली दाखवा. बोर्ड कुठं, पाण्याचा नळ कुठं, कुणी उभं राहायचं कुठं, हे मला आधी दिसलं पाहिजे. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूनं मारा, समोरून नको, चमकतंय. हात हलतोय, फोन डब्याला टेकवून ठेवा.

आणि एक गंमत कळली. कॉलवर मोटरचा एकसुरी आवाज नीट येतच नाही. फोन त्याला गोंगाट समजून गाळतो, माणसाचं बोलणं तेवढं पुढं पाठवतो. मला तर नेमका तो घूंघूं आवाजच ऐकायचा असतो! म्हणून मी आता सांगतो, कॉल ठेवा, दहा सेकंदांचा व्हिडीओ काढून पाठवा. त्यात बरंच ऐकू येतं. पंखा घूं करतोय, फिरत नाही, पण झाडूच्या दांड्यानं हळू ढकलला की फिरायला लागतो, म्हणजे बहुतेक कपॅसिटर गेलाय. एवढं लांबून सांगता येतं.

जत तालुक्यातल्या एका वाडीवर म्हातारा-म्हातारी राहतात. टाकीत पाणी चढंना. मोटर फिरत होती, पाणी ओढत नव्हती. म्हटलं, "आबा, फूटव्हॉल्व्ह पाणी धरंना झालाय. आधी मोटर बंद करा. आता वरचा बूच काढून तांब्यानं पाणी ओता, भरून बाहेर यायला लागलं की बूच घट्ट लावा." आबांनी सात तांबे ओतले, मला मोजून दाखवले. मोटर लावली आणि पाणी चढलं. आबांनी फोन टाकीकडं धरला आणि काही न बोलता पडणारं पाणी दाखवत राहिले. माझं जाण्यायेण्याचं दीडशे किलोमीटरच्या वरचं पेट्रोल वाचलं, त्यांचे दोन दिवस वाचले. तेव्हा हा फोन वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण फोनला वास येत नाही. बेकलाइट जळाल्याचा वास आम्हाला दारातच येतो, बोर्ड उघडायच्या आधी. फोनला ऊब कळत नाही. हाताची मागची बाजू बोर्डाजवळ नेली की कळतं, कुठली पिन तापतेय. फोनला ओलही कळत नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरल्यावर आम्ही पंधरा-वीस दिवस घरंच्या घरं तपासत होतो. बोर्ड वरनं कोरडा ठणठणीत, आणि खोलला की मागच्या पाइपातनं पाण्याची धार. फोटोत तो बोर्ड एकदम नवा दिसला असता.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही पुढचं घडलं.

२०२४ चा मे महिना. मी कुपवाडला एका शेडमध्ये शिडीवर होतो. बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका मुलाचा फोन आला. त्याची आई विश्रामबागेत एकटी असते, निवृत्त शिक्षिका. पंखा घूं करतोय, फिरत नाही. आईला कॉलमध्ये घेतलं. मी शिडीवरूनच एका हातात फोन धरून बघितलं. कपॅसिटर. म्हटलं संध्याकाळी येतो. बाई म्हणाल्या, "अहो, उकाड्यानं जीव चाललाय. शेजारचा मुलगा आहे, हुशार आहे. त्याला सांगा, तो करेल."

मुलगा खरंच हुशार. बावीस वर्षांचा. दुकानातून अडीचचा कपॅसिटर घेऊन आला, मला दाखवला, बरोबर होता. म्हटलं, "बटण बंद कर. वरची वाटी खाली सरकव. जुन्याच्या दोन वायरी कुठं आहेत बघून ठेव, तशाच नव्याला जोड." तो म्हणाला, "होय काका." मी फोन ठेवला. माझा हेल्पर खालनं हाक मारत होता.

बटण त्यानं बंद केलं होतं. पण ते बटण न्यूट्रलवर होतं.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात दोन मुख्य तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. बटण फेजवरच असलं पाहिजे, म्हणजे बंद केलं की वीज बटणापाशीच अडते, पुढं जात नाही. जुन्या फिटिंगमध्ये कुणी घाईत अदलाबदल केली असेल, तर बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, दिवा विझतो, पण फेज पार पंख्यापर्यंत जिवंत राहतो. बघणाऱ्याला फरक काही दिसत नाही. तो टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही. घर चाळीस वर्षांपूर्वीचं. मी त्या घरात असतो तर आधी मेन पाडला असता, वर चढल्यावरही टेस्टर लावला असता. हे मला विचार करून करावं लागत नाही, हात आपोआप करतो. पण त्या दिवशी हात माझा नव्हता.

मुलाचा एक हात वायरीला लागला, दुसरा छताच्या हुकाला होता. झटका बसला आणि तो स्टुलावरून खाली आला. जीव वाचला, ही देवाची कृपा. उजवं मनगट मोडलं.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन वर्षं पहाटे चारला उठून पळत होता. जूनमध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या. गोळाफेक उजव्या हातानं करायची, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये.

दवाखान्याचा अर्धा खर्च मी केला, अर्धा त्या बंगळूरच्या मुलानं. तोही माणूस चांगला आहे, विमानानं आला, पोराच्या घरी जाऊन माफी मागितली. बाई तर दोन दिवस जेवल्या नाहीत. पोरगा मला म्हणाला, "काका, तुमचं काय चुकलं? तुम्ही बटण बंद कर म्हणालाच होता." त्याची आई मात्र काही बोलली नाही. आजही मी त्या गल्लीत गेलो की ती आत निघून जाते. तिचं बरोबर आहे.

त्या रात्री मी फोनमध्ये तो कॉल किती वेळ चालला ते बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंद.

त्या घरी मी स्वतः गेलो असतो तर मेन पाडायला, टेस्टर लावायला, स्टूल हलतंय का बघायला, कपॅसिटर बदलायला अर्धा तास घेतला असता. फोनवर १०० सेकंदांत उरकलं. का उरकलं? यावर मी फार विचार केला. उत्तर सरळ आहे आणि सांगायला लाज वाटते. तो कॉल फुकट होता म्हणून. पैसे देणाऱ्याच्या शेडमध्ये मी शिडीवर होतो आणि फुकटच्या कॉलला मी अर्धा डोळा दिला. त्या माणसावर मी उपकार करत होतो ना! आणि समोरच्यालाही वाटत होतं, काकांचा वेळ खायला नको, लवकर सांगतील तेवढं ऐकावं. त्यामुळं त्यानंही विचारलं नाही, "मेन बंद करू का?" फुकटच्या सल्ल्याला दोन्ही बाजूंनी घाई असते. देणाराही पूर्ण बघत नाही, घेणाराही पूर्ण विचारत नाही.

त्यानंतर मी दुकानाच्या शटरवर एक कागद चिकटवला. अजून आहे. त्यावर लिहिलंय:

१. व्हिडीओ कॉलवर फक्त हातानं होणारी कामं. बटण, पिन, एमसीबी, मिक्सरचं लाल बटण, फिल्टर, नळाचा कॉक, मोटरीत पाणी भरणं. स्क्रू ड्रायव्हर लागला, की कॉल संपला.

२. जळका वास, पाणी, ठिणगी किंवा हाताला झिणझिण्या: कोरड्या जागी उभं राहून मेन पाडायचा आणि माझी वाट बघायची. मेनच ओला असेल तर त्यालाही हात नाही, महावितरणला फोन.

३. गॅसचा वास आला तर मला व्हिडीओ कॉल नको. कुठल्याच बटणाला हात नको, चालू नको नि बंदही नको. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

४. स्टूल, शिडी, खुर्ची, काहीही चढायचं असेल तर मी येणार. ओव्हन, एसी, फ्रिजचं मागचं झाकण कुणीही खोलायचं नाही. पिन काढली तरी आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

५. व्हिडीओ कॉलचे १०० रुपये. नंतर घरी यावं लागलं तर बिलातून वजा.

पहिल्या चार नियमांवर कुणी बोललं नाही. पाचव्यावर गाव बोललं. "आता बघायचे पण पैसे?" "यूट्यूबवर फुकट मिळतंय की." "लय शाणा झाला वायरमन." एकानं तर दुकानासमोर उभं राहून मोबाईलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

यूट्यूबवर फुकट मिळतं, बरोबर. पण यूट्यूबवाल्याला तुमच्या घरातलं फिटिंग कुणी केलं हे माहीत नाही, आणि तुम्ही पडलात तर तो तुमच्या गल्लीत राहत नाही.

आता डॉक्टरांचं बघा. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले. डॉक्टर व्हिडीओवर तपासू शकतात, योग्य फी घेऊ शकतात. काही औषधं मात्र व्हिडीओवर लिहून द्यायची नाहीत. आणि पेशंटला लांबून बघणं पुरेसं आहे का समोर बोलवायलाच पाहिजे, हे ठरवायचं डॉक्टरांनी. किती शहाणपणाचं आहे बघा. सल्ल्याला दाम आहे आणि सल्ल्याला कुंपणही आहे. दोन्ही एकाच कागदात. मी स्वतःला डॉक्टर म्हणत नाही. पण २३० व्होल्ट माझ्या चुकीला माफ करत नाही, एवढं तरी दोघांत सारखं आहे. मग तेच दोन नियम आमच्या धंद्यात का नकोत? ते सरकारनंच काढायला पाहिजेत असंही नाही. आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतात तसं फोनवर काय सांगायचं आणि काय अजिबात सांगायचं नाही, याचे दोन तास घेतले तरी पुष्कळ होईल.

दुसरी गोष्ट कंपन्यांची. माझ्यावर रागावणारे लोक कंपन्यांच्या व्हिडीओ सपोर्टचं मात्र कौतुक करतात. तासगावकडच्या एका घरात वॉशिंग मशीनमध्ये पाणी येईना. मशीन वॉरंटीत. कंपनीच्या माणसानं व्हिडीओ कॉल केला. मशीन पुढं ओढा, मागचा स्टिकर दाखवा, पाइप काढा, पुन्हा लावा. सासू-सुनेनं मिळून मशीन ओढलं, सासूची कंबर धरली. तीन दिवसांत तीन कॉल, तिन्ही वेळा वेगळा माणूस, तिन्ही वेळा स्टिकरपासून सुरुवात. शेवटी पाणी आत येतं त्या तोंडाची जाळी गाळानं भरली होती. दहा मिनिटांचं काम. वॉरंटी म्हणजे घरी येऊन दुरुस्त करून द्यायचा शब्द. त्या शब्दाचे पैसे मशीनच्या किमतीत आधीच घेतलेत. मग तालुक्याला माणूस पाठवायचा खर्च वाचवण्यासाठी गिऱ्हाईकालाच मेकॅनिक करायचं, याला सेवा कशी म्हणायची?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त कशी करायची, सुटे भाग, वॉरंटी, ही माहिती कंपन्यांनी लोकांसमोर ठेवावी म्हणून. चांगली गोष्ट आहे, बघत जा. कंपनी नुसतं कॉलवर कॉल करून टोलवत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार करा. वायरमनवर रागावता तेवढंच तिकडंही रागवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हिडीओ कॉलनं काम नाहीसं होत नाही. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, तो वाचावाच. पण उरलेलं काम आणि त्यातला धोका एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ज्याला शिकवलंय, ज्याच्याकडं टेस्टर आहे, त्याच्या हातातून निघतो आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या हातात जातो. तो हात कुणाचा? मी माझ्या कॉलमध्ये रोज बघतो. फोन करणारा पुण्यात, अमेरिकेत. सांगणारा मी दुकानात. आणि स्टुलावर चढणारी घरकामाच्या मावशी. शेजारचं पोरगं. वॉचमन. कधी सत्तर वर्षांची आई स्वतः. आम्ही दोघं बोलत असतो आणि तिसराच धोका पत्करत असतो. त्याला कुणी विचारत नाही, "तू चढतोस का?" त्याला सांगितलं जातं.

म्हणून आता कॉल आला की माझा पहिला प्रश्न असतो, "स्टुलावर कोण चढणार?" परवा पुण्याच्या एका ताईला हेच विचारलं. ट्यूबलाइटचं काम होतं. त्या म्हणाल्या, "मावशी आहेत ना." म्हटलं, "त्यांना फोन द्या." मावशी फोनवर आल्या. विचारलं, "मावशी, जमंल का? भीती वाटती का?" मावशी हळूच म्हणाल्या, "वाटती की वो. पण ताई सांगाय लागल्यात." म्हटलं, राहू दे, मी येतो सहा वाजता.

आता तुमचं काम, सुरुवातीला म्हटलं होतं ते. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा तीन गोष्टी करा. एक, घरात आरसीसीबी आहे का बघा. नसेल तर बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीकडं जायला लागली तर तो क्षणात लाइन तोडतो. त्या बाईंच्या घरात तो नव्हता. असेल तर महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतोय का बघत जा. दोन, मेन कुठला, किचनचा एमसीबी कुठला, गीझरचा कुठला, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, आणि आईला एकदा स्वतःच्या हातानं मेन पाडायला लावा. तीन, एका ओळखीच्या वायरमनला अर्धा दिवस बोलवा, सगळं घर दाखवा. बटणं फेजवर आहेत का, अर्थिंग जिवंत आहे का तपासून घ्या. मग तो व्हिडीओवर बघेल तेव्हा आधी बघितलेलं घर बघेल. आणि त्याला त्या कॉलचे पैसे द्या. शंभर नको, पन्नास द्या. पण द्या. पैसे घेतले की तो शिडीवरून खाली उतरून बोलेल.

तो मुलगा परत पळायला लागलाय. पहाटे मी दूध आणायला जातो तेव्हा स्टेडियमच्या बाजूला दिसतो. लांबूनच हात करतो. उजवा.

मीही करतो.